पलीकडे बर्फ आहे

वैजयंतीने स्वेटरच्या बाहीने काच पुसली आणि लाल जाकीट शोधलं. कँटीनच्या खिडकीतून डोंगराचा खालचा अर्धा भाग दिसायचा, वरचा अर्धा ढगात होता. खुर्च्यांची लिफ्ट माणसांना दोन-दोन करून त्या ढगात नेत होती आणि थोड्या वेळाने तीच माणसं स्कीवरून घसरत खाली येत होती. निळं जाकीट आलं, पिवळं आलं, दोन हिरवी आली. लाल काही येईना. तिने परत काच पुसली.

आलं एकदाचं. वरच्या टप्प्यावर शिल्पा अंग आखडून उतरत होती, म्हणजे तिथे अजून सगळं कडक होतं. मधल्या पट्ट्यात पोर मोकळी झाली, डावीकडे-उजवीकडे झोकात वळली. खाली, जिथे लगदा झाला होता आणि हेदरची काळी झुडपं मधूनमधून डोकं वर काढत होती, तिथे तिचा वेग एकदम मेला आणि ती चक्क चालत लिफ्टपर्यंत गेली. एकाच उतारावर तीन तऱ्हा. "इथे तिकीट एक आणि डोंगर तीन," असं पद्माकर म्हणायचा.

दोन वर्षांपूर्वी, १९९३च्या मार्चात, स्कॉटलंडातल्या ह्याच डोंगराच्या पलीकडच्या अंगाला पद्माकर गेला. वैजयंतीचा नवरा, शिल्पाचा बाप. इंग्लंडात, मिल्टन कीन्समध्ये रस्त्यांचे आणि गोल चौकांचे नकाशे काढणारा माणूस. चाळिशी उलटल्यावर त्याला स्कीइंगचं वेड लागलं, तेही गावाजवळच्या, प्लास्टिकचे ब्रश अंथरलेल्या बनावट उतारावर, जिथे पडलं की कोपरं सोलून निघत. आठ वर्षं ब्रशांवर घासून झाल्यावर तो पलीकडच्या त्या वाटीत उतरायला निघाला. वाटीच म्हणायची तिला. डोंगराच्या पाठीमागची वाडग्यासारखी खोल जागा, तिथे लिफ्ट नाही, खांब नाहीत, कुणी सपाट करून ठेवलेला उतार नाही. आपलं आपण उतरायचं आणि आपलं आपण चढून यायचं.

त्या सकाळी दहाला पद्माकर लिफ्टच्या रांगेत उभा होता आणि वैजयंती हवामानाचा फलक वाचायला गेली होती. डोंगरावर गस्त घालणारा लाल दाढीवाला माणूस तिथे खडूने काही लिहीत होता. तिने विचारलं, माझा नवरा पलीकडे उतरायचं म्हणतोय, चालेल ना? तो म्हणाला, रात्रीत सगळं गोठलंय, नुसतं आइस आहे तिकडे. एकनंतर ऊन लागून मऊ होईल, तोवर त्याला ह्या बाजूलाच थांबवा. त्याचे ते स्कॉटिश उच्चार पद्माकरला कधी उमगले नसते. वैजयंतीला उमगायचे, कारण कौन्सिलच्या घरांच्या तक्रारी घेणाऱ्या फोनवर तिने अकरा वर्षं ग्लासगोहून आलेल्या भाडेकरूंचं ऐकून घेतलं होतं. ती वळली तोवर पद्माकर खुर्चीच्या तोंडाशी पोचला होता. वारा होता. तीस-चाळीस गोऱ्या माणसांच्या डोक्यावरून इंग्रजीत ओरडायची तिला लाज वाटली. ती आपल्या भाषेत ओरडली.

"अहो! पलीकडे बर्फ आहे म्हणतोय तो!"

पद्माकर हसला.

"बर्फ नाही तर काय वाळू असणार? पाचशे मैल कशाला आलोय मग!"

हात हलवून तो खुर्चीत बसला आणि खुर्ची सुटली.

बर्फ! सरबतात घालतो तोही बर्फ आणि आभाळातून पिंजून पडतो तोही बर्फ. पुस्तकातला 'हिम' आहे म्हणा, पण रांगेत उभं राहून कोण हिम म्हणतं? नंतर तिला कितीतरी शब्द सापडले. निसरडं. गोठलंय. काच झालीय नुसती. नुसतं 'थांबा' म्हटलं असतं तरी पुरलं असतं. आणि 'आइस'च म्हणायचं की! ऑफिसात दिवसभर इंग्रजी झाडणारी बाई, नेमकी त्याच घटकेला मराठीची सोवळी झाली.

बरं, एवढ्यावर भागलं असतं तरी तिने सोसलं असतं. पण त्याच्या उत्तरावरूनच तिला कळलं होतं. खुर्ची सुटली तेव्हा तिला लख्ख कळलं, की ह्यांनी भलतंच ऐकलं. दाढीवाला दहा पावलांवर होता, त्याच्या खांद्याला वरच्यांशी बोलायचा रेडिओ होता. पण तिचे पाय गारठले होते, आत गरम चहा होता, आणि तिच्या मनात आलं, वर गेल्यावर डोळ्यांनी दिसेलच की. दिसलं नाही. वरून नुसतं पांढरं दिसत होतं. पहिल्याच वळणाला त्याच्या स्की निसटल्या आणि तो थेट खालच्या खडकांपर्यंत गेला.

दाढीवाल्याने पोलिसाला जे घडलं तेच सांगितलं. मी बाईंना बजावलं, त्यांनी नवऱ्याला ओरडून सांगितलं, तो हसला आणि गेला. पोलिसाने वैजयंतीला विचारलं, तुम्ही इशारा पोचवलात? ती हो म्हणाली. खोटं नव्हतं ते, हीच तर पंचाईत. कागदावर आलं: सूचना मिळूनही गेले. मग काय, तिथल्या मराठी मंडळात सगळ्यांच्या तोंडी तेच. महिनाभर न चुकता डबे पोचवणारी अनुराधासुद्धा एकदा भांडी विसळता विसळता म्हणाली, "माणूस सोन्यासारखा गं, पण हट्ट नडला." पद्माकर आणि हट्टी! दुधाने तोंड पोळलेलं नसताना ताक फुंकून पिणारा माणूस तो. स्टुलावर चढायच्या आधी चारही पाय हलवून बघायचा. पण मेलेल्याच्या माथी खापर फोडणं सोपं, तो काही उलट बोलायला येत नाही. वैजयंती गप्प बसली. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, तशी तिने दोन वर्षं झाकून ठेवली.

चटके बसले ते शिल्पाला. एकोणीस वर्षांची होती तेव्हा. बापाबरोबर ब्रशांच्या उतारावर वाढलेली पोर, दर शनिवारी त्याच्या मागे मागे घसरणारी. ती बापासाठी रडलीच नाही. तिने त्याचा फोटो आपल्या खोलीतून काढला आणि त्याचं नाव घेणं सोडलं.

काल गाडीत, पर्थ मागे टाकल्यावर, ती समोर बघत म्हणाली होती:

"उद्या मी तिथेच उतरणार. दीड वाजता. त्याने थांबला असता तर कसा झाला असता, ते बघायचंय मला."

"आणि मग?"

"मग संपलं. परत त्याच्याबद्दल बोलायचं नाही, आई. एव्हर. तू फोटो लाव, हार लाव, मला बोलवू नको." वायपर दोनदा फिरले. "फक्त तीन तास थांबायचं होतं. आपण दोघी खाली होतो. आपल्यासाठी पण नाही थांबला तो."

म्हणजे पोरगी एवढे दिवस हे उराशी धरून बसली होती! बाप मेला ह्याचं दुःख नव्हतंच ते. बापाला आपण तीन तासांच्या मोलाच्यासुद्धा नव्हतो, हे होतं. सांगायला हवं. सांगितलं तर पोरीला बाप परत मिळेल, आणि आई जाईल. नाही सांगितलं तर उद्या संध्याकाळी ती बापाला कायमचा पुरून मोकळी होईल. रात्री पायथ्याच्या एव्हीमोर गावातल्या भाड्याच्या खोलीत वैजयंतीने कूस बदलत पक्कं केलं होतं, की उद्या सांगायचंच.

साडेबाराला शिल्पा कँटीनमध्ये आली. टोपी टेबलावर ठेवून तिने बूट सैल केले.

"वर कडक आहे अजून, पण सूर्य आला. मला इतका भूक लागलाय!"

"इतकी भूक लागलीय," वैजयंती सवयीने म्हणाली आणि फॉइलमधली पोळीची गुंडाळी तिच्यापुढे सरकवली. आत बटाट्याची भाजी आणि लिंबाचं लोणचं होतं. शिल्पा चार घासांत खाऊन मोकळी झाली.

"मी स्की-पट्रोलच्या माणसाला विचारून आले. पलीकडे आता सॉफ्ट होतंय. नाइस अँड सेफ." मग जरा थांबून, "तू येशील वर? लिफ्टने? वरचा वाट सपाट आहे, मी बूट आणि काठी भाड्याने घेते तुझ्यासाठी."

"येते."

आता सांगावं का? शब्द अगदी जिभेवर आले. पण उतरायच्या आधी नको, असं तिने ठरवलं. डोकं भणभणत असताना पोरीला त्या वाटीत सोडायची? भलतं बोलून एक जीव घालवलाय, तेवढं पुरे झालं.

खुर्चीत बसल्यावर वैजयंतीने दांडा दोन्ही हातांनी धरून ठेवला. आयुष्यात पहिल्यांदा ती ह्या खुर्चीत बसत होती. खाली कुणीतरी पडलं होतं आणि हसत होतं. वर ढग उठला होता. उतरल्यावर शिल्पाने स्कीच्या तळाला लांब केसाळ पट्ट्या चिकटवल्या. त्यांचे केस मागच्या बाजूला, त्यामुळे चढताना स्की मागे सरकत नाही. पद्माकरने असल्या पट्ट्या कापताना जेवणाच्या टेबलावर मीटरपट्टी मांडली होती, हे वैजयंतीला आठवलं आणि तिने मान फिरवली. दोरीच्या कुंपणापलीकडे पंधरा मिनिटं त्या माथ्यावरून चालल्या. वैजयंतीचे बूट वरच्या पापुद्र्यातून घोट्यापर्यंत आत जात होते. मग शिल्पा थांबली.

"इथून."

वैजयंतीने कडेपासून चार हात मागे राहून बघितलं. खोल, पांढरं, एका बाजूला ऊन. अगदी तळाशी काळे खडक. तिला वाटलं होतं आपण किंचाळू. तसं काही झालं नाही. शिल्पाने पट्ट्या सोलून काढल्या, गुंडाळून पाठपिशवीत घातल्या, बूट आवळले.

"आई, तू बस. मला चढून यायला पाऊण तास लागेल."

"जपून गं बाई."

ती गेली. पहिलं वळण, तेच ते. वैजयंतीने दातांत हातमोजा धरला. स्कीच्या मागे ओला, जड बर्फ बाजूला पडत गेला. दुसरं वळण. तिसरं. खरवडल्याचा आवाज नाही, काही नाही. शिल्पा सावकाश, एकेक वळण मोजून घेत होती, थेट बापासारखी. खडकांच्या बरीच वर ती डावीकडे वळली आणि उन्हात जाऊन थांबली. तिथे ती बराच वेळ उभी होती. मग लाल ठिपका तिरका तिरका वर चढायला लागला.

वैजयंती जाकिटावर बसून राहिली. पाऊण तास माणसाला पुष्कळ होतो. तिने वाक्य दहा तऱ्हांनी जुळवलं आणि दहाही वेळा ते 'माझं चुकलं'वर येऊन अडलं.

शिल्पा वर आली तेव्हा तिचा चेहरा लालबुंद झाला होता. टोपी काढून ती आईशेजारी धपकन बसली.

"सोपा होता," ती म्हणाली. "आई, इतका सोपा होता! मऊ. बिगिनर पण उतरला असता." आणि तिचा आवाज फुटला. "तीन तास, आई. ओन्ली थ्री आवर्स."

"शिल्पा, मला तुला एक..."

"तू नको काही बोलू. तू तुझं काम केलंस. मी होते ना तिथे, बाकावर, बूट घालत होते. मी ऐकलं तुला."

"काय ऐकलंस?"

"तू ओरडलीस ते. बर्फ आहे म्हणून. मला वाटलं, ओके, आता तो थांबणार. आणि ही लाफ्ड, आई! बर्फ आहे सांगितल्यावर कोण हसतं?"

पोरीने तो पोलिसाचा कागद वाचलाय, एवढंच वैजयंती धरून चालली होती. तो नेमका शब्द तिने कानांनी ऐकलाय हे तिच्या स्वप्नातही नव्हतं. आणि ऐकून तिने त्याचा अर्थ काय लावला होता? बरोबर तोच, जो वैजयंतीच्या मनात होता.

का, ते तिच्या हळूहळू ध्यानात आलं. ह्या पोरीचा बर्फ फ्रीजरमध्ये होता. बर्फाचा ट्रे भर, गुडघ्याला बर्फ लाव, ह्या ग्लासात बर्फ नको. बाहेर पडायचा तो शाळेतला, टीव्हीवरचा, शेजारच्या मुलांचा स्नो. मिल्टन कीन्सला वर्षाकाठी दोन दिवस पडायचा आणि ती नाचत घरात यायची, आई, स्नो, स्नो! आणि आईही म्हणायची, हो गं, स्नो. ह्यालाही बर्फच म्हणतात, असं त्या घरात तिला कुणी कधी सांगितलं नव्हतं.

म्हणजे न मागता साक्षीदार उभा राहिला होता. आईने सांगितलं, स्पष्ट सांगितलं, मी ऐकलं, असं छातीठोक म्हणणारा. वैजयंतीने आता नुसतं तोंड मिटून बसायचं होतं. चार वाजता शेवटची खुर्ची, मग गाडी, मग घर. जन्मभर भागलं असतं. तिला त्या घटकेला फार मोह झाला, खोटं कशाला बोला.

"बर्फ म्हणजे काय गं?" तिने विचारलं.

"व्हॉट?"

"सांग ना. बर्फ म्हणजे काय?"

"आइस. फ्रीजरमधला. का?"

वैजयंतीने हातमोजा काढला. वाकून मूठभर मऊ बर्फ उचलला आणि लेकीपुढे धरला.

"आणि ह्याला?"

"स्नो."

"मराठीत, शिल्पा."

तिने आईच्या हाताकडे बघितलं. "मला नाही माहीत. आपण स्नोच म्हणतो."

"तू म्हणतेस. आम्ही ह्यालाही बर्फच म्हणतो. तोही बर्फ, हाही बर्फ. एकच शब्द आहे गं आमच्याकडे. मी तो म्हटला आणि बाबांनी हा ऐकला."

बोटांमधून पाणी मनगटावर ओघळलं. वैजयंतीने हात तसाच धरून ठेवला.

"सो ही थॉट..."

"हो. म्हणून हसले. पाचशे मैल कशाला आलोय मग, म्हणाले. त्यांना थांबा असं कुणी म्हटलंच नाही, शिल्पा. म्हटलं असतं तर तीन तास काय, तीन दिवस थांबले असते ते तुझ्यासाठी. तुला ठाऊक आहे कसे होते ते."

शिल्पा उठून उभी राहिली. ती काहीतरी मनातल्या मनात परत ऐकत असावी, कारण तिचे ओठ हलत होते. कड्याखालून वारा आला. मग तिने विचारलं, अगदी हळू:

"तुला कळलं होतं? त्याला चुकीचं समजला ते?"

"कधी?"

"तेव्हाच. देन."

इथे नाही म्हणता आलं असतं. नाही म्हटलं असतं तर ती नुसती भाषेची चूक ठरली असती, कुणाच्याही हातून होणारी. पोरगी कदाचित गळ्यातसुद्धा पडली असती. वैजयंतीचे डोळे भरून आले आणि तिला लेक धड दिसेना.

"हो," ती म्हणाली. "खुर्ची सुटल्यावर कळलं."

"आणि?"

"आणि मी आत जाऊन चहा घेतला."

शिल्पा ओरडली नाही, काही फेकलं नाही. मग ती वळली, कडेपर्यंत गेली आणि वाटीकडे तोंड करून गुडघ्यांवर बसली. तिचे खांदे गदागदा हलायला लागले. दोन वर्षांचं सगळं एकदम बाहेर आलं.

"सॉरी, बाबा," ती म्हणत होती. "सॉरी. सॉरी. मला माहीत नव्हतं, बाबा."

वैजयंती चार हात मागे उभी होती. त्यातला एकही शब्द तिच्यासाठी नव्हता, आणि नसणारच होता. पोर बापासाठी रडत होती, तेवढं तिने डोळे भरून बघून घेतलं. जवळ जाऊन पाठीवरून हात फिरवावा म्हणून एक पाऊल पुढे टाकलं, आणि मागे घेतलं.

साडेतीन वाजून गेले होते. तिने काठी उचलली, हातमोजा चढवला आणि आल्या वाटेने खुर्च्यांकडे चालायला लागली. मागे वळून बघायचं नाही, एवढं तिने मनाशी ठरवलं होतं. स्कीचा आवाज येतोय का, ते ऐकण्यासाठी ती दर थोड्या पावलांनी थांबत होती.